विकणाऱ्याचा वाटा

महाभारतात दोन दुकानदार आहेत, आणि तपश्चर्येचा ताठा घेऊन फिरणाऱ्या एकेका ब्राह्मणाला त्या दोघांच्याही दुकानाची पायरी जिज्ञासू म्हणून चढावी लागली आहे. पहिला वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध. ज्याच्या नुसत्या क्रुद्ध दृष्टीने झाडावरची बगळी मरून पडली तो कौशिक एका गृहिणीच्या सांगण्यावरून त्याच्याकडे येतो, तेव्हा हा गृहस्थ बाजारात बसून हरणाचे आणि रेड्याचे मांस विकीत असतो. दुसरा शांतिपर्वातला वाराणसीचा तुलाधार वाणी. जटेत पाखरांनी घरटे बांधून पिले वाढवली तरी जो जागचा हलला नाही त्या जाजलीला आपल्या धर्माचा गर्व झाला, तेव्हा त्याची रवानगी या वाण्याकडे झाली. कीर्तनकार आणि पाठ्यपुस्तकांचे संपादक या दोन्ही आख्यानांचे तात्पर्य एकच सांगतात, की कोणताही धंदा हलका नाही आणि स्वकर्म हेच तप. हे तात्पर्य खोटे नाही. परंतु ही दोन माणसे आपापल्या मालाविषयी काय बोलतात ते कान देऊन ऐकले, तर त्यांची उत्तरे एक नाहीत असे दिसून येते. व्याध म्हणतो की प्राणी मी स्वतः मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचे मांस विकतो, स्वतः ते खात नाही, आणि हा धंदा मला कुळाकडून व पूर्वकर्मातून प्राप्त झालेला आहे. तुलाधार कुळाचा आधार घेत नाही. लाख, सुगंधी द्रव्ये, नाना प्रकारचे रस आपण विकतो असे सांगता सांगता, फारसे महत्त्व न देता, तो 'मद्य तेवढे सोडून' अशा अर्थाचे काही बोलून जातो आणि मग सर्व भूतांच्या ठिकाणी समान असणाऱ्या आपल्या तराजूकडे वळतो. मालाचा दोष विक्रेत्याला लागतो काय, या प्रश्नावर एकाचे म्हणणे असे की तो दोष उत्पन्न करणारा मी नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे असे की काही माल मी मुळात ठेवीतच नाही. दुसऱ्याला तसे म्हणावे लागले, याचा अर्थ पहिल्याचा बचाव त्याला पुरेसा वाटला नसावा.

या दोन उत्तरांमधले अंतर मला पुस्तकात फारसे जाणवले नव्हते. ते जाणवले निपाणीच्या पेठेतील एका लहानशा दुकानात. पुण्याहून बेंगळुरूकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव राज्यपुनर्रचनेच्या वाटणीत कर्नाटकाकडे गेले असले तरी बाजारात मराठीच बोलते, आणि त्याची कीर्ती विडीच्या तंबाखूवर उभी आहे. गावात तंबाखूच्या मोठमोठ्या वखारी आहेत. मी म्हणतो ते दुकान मात्र इतके अरुंद, की दोन गिऱ्हाइके आत आली तर तिसऱ्याला पायरीवर थांबावे लागते. माझे मामा जवळच्या एका खेड्यात राहतात. वय नव्वदीकडे झुकलेले, गुडगुडी सुटलेली नाही, आणि त्या गुडगुडीला लागणारा गुडाखू आता सर्रास मिळत नसल्यामुळे तो या दुकानातून नेण्याची कामगिरी माझ्याकडे वहिवाटीने आलेली आहे.

दुकानदाराला सारी पेठ अण्णा म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, मागच्या भिंतीवर विठोबा-रखुमाईची तसबीर आणि तिच्या खालच्या फळीवर ओळीने लावलेले डबे : एकात पानाबरोबर खायची कडक पत्ती, एकात विडीचा जर्दा, एकात काडी म्हणजे पानाच्या शिरा आणि देठ, एकात तपकीर, एकात भाजून काळी केलेली मिसरी. कोपऱ्यात गवतात रचलेल्या मातीच्या चिलमी. गुडाखूचे मडके तेवढे ओल्या फडक्याने झाकलेले असते. तंबाखूची भुकटी काकवीत कुटून केलेला तो काळा, चिकट गोळा उघडला की गुळाचा आंबूस गोडवा आणि तंबाखूचा ठसका असे दोन वास एकदम नाकात शिरतात व नवखा माणूस शिंकू लागतो. अण्णांच्या दुकानात सरकारी शिक्क्याची वजने आहेत, पण तागडी जुनी पितळी आहे. प्रत्येक तोलाआधी ते पारडे पालथे करून तळव्याने झटकतात, कारण आधीच्या गिऱ्हाइकाची चिमूटभर भुकटी पुढच्याच्या वजनात जाणे त्यांना खपत नाही. झटकताना उडालेली ती भुकटी त्यांच्या श्वासात जाते. चाळीस वर्षांत ज्यांनी तंबाखूची चिमूट ओठाआड ठेवलेली नाही, त्या माळकऱ्याची बोटे नखापर्यंत तांबूस झाली आहेत आणि संध्याकाळी त्यांना खोकला येतो. धर्मव्याधाप्रमाणे आपण हा माल खात नाही असे म्हणण्याचा अधिकार त्यांना आहे. त्यांच्या फुप्फुसाला तो कितपत आहे, हे वैद्याने सांगावे.

तंबाखूविषयी आपल्या जुन्या ग्रंथांत काही नाही, कारण तंबाखूच नव्हती. ती अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या गलबतांवर आली, आणि दख्खनेतून उत्तरेकडे ती कशी गेली याचा एक मोठा मनोवेधक वृत्तांत उपलब्ध आहे. अकबराचा वकील म्हणून विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेलेल्या असद बेगाने तेथे हे पान पाहिले आणि सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, रत्नजडित हुक्क्यासह, ते बादशहापुढे ठेवले. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली. हकिमाचा मुद्दा असा, की या वस्तूविषयी आमच्या ग्रंथांत काहीच लिहिलेले नाही, तेव्हा न पारखलेली वस्तू हुजुरांनी का सेवन करावी? असद बेगाचा जबाब असा, की फिरंग्यांतही शहाणी माणसे आहेत, जगातली प्रत्येक वस्तू केव्हा तरी नवीच होती, आणि चोबचिनीदेखील प्राचीनांना ठाऊक नसताना आज औषध म्हणून चालते. शब्दप्रमाण आणि प्रत्यक्ष यांचा हा वाद दोघांच्याही दृष्टीने अनिर्णित राहिला. वृत्तांताचा शेवट मात्र माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने फार बोलका आहे : बादशहाने ती सवय लावून घेतली नाही, पण सरदारांनी मागणी केली, व्यापाऱ्यांनी ती विकायला आरंभ केला आणि प्रथा झपाट्याने पसरली. पुढे १६१७ साली जहांगिराने मनाईचा हुकूम काढला, तेव्हा उशीर झालेला होता. पंडित, हकीम आणि बादशहा निर्णय करीत बसले असताना जो निर्णय प्रत्यक्षात झाला तो दुकानात झाला. आणि दुकानदाराला त्याविषयी कोणी विचारले नाही.

ग्रंथांत तंबाखू नाही. पण विकणारा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाच्या प्रकरणी घातक कोणकोण, याची एक यादी दिलेली आहे आणि ती पाहून कोणाही फौजदारी वकिलाला आदर वाटावा : संमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. धर्मव्याधाचा बचाव या यादीपुढे टिकत नाही. मारणारा मी नव्हे असे म्हटल्याने एक कलम कमी होते, इतकेच. याच यादीत, गुडाखूची पुडी पिशवीत घालून मामांकडे निघालेल्या माझीही दोन जागी नोंद आहे, विकत घेणारा म्हणून आणि वाढणारा म्हणून. स्वतः ओढीत नसल्यामुळे या प्रकरणात आपण तटस्थ निरीक्षक आहोत अशी ज्याची समजूत असेल, त्याने ही यादी अवश्य वाचावी.

असे असूनही ती तंबाखूला जशीच्या तशी लागू करता येत नाही, आणि तिथेच प्रश्न खरा अवघड होतो. मांसाच्या व्यवहारात आठ माणसे एका बाजूला आणि पशू दुसऱ्या बाजूला असतो. तंबाखूच्या व्यवहारात पशू नाही. ज्याची हानी होते तो खाणाराच. यादीतला शेवटचा घातक आणि यादीबाहेरचा वध्य एकाच अंगरख्यात असून तो पैसे मोजून, आपल्या पायांनी चालत, दुकानात येतो. मग बाकीच्यांचा दोष कमी होतो की वाढतो? पतंजलींनी हिंसादी वितर्कांची मोजदाद करताना कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद केले, प्रत्येकाच्या मुळाशी लोभ, क्रोध वा मोह असू शकतो म्हणून नऊ केले, आणि मृदू, मध्य व तीव्र अशा मात्रांनी सत्तावीस केले; व्यासभाष्याने आणखी पोटभेद करून तो आकडा एक्याऐंशीपर्यंत नेला. इतकी बारीक जमाबंदी करूनही, ज्याची हिंसा होते त्याच्याच इच्छेने ती होत असेल तर तिचा वसूल कोणाच्या नावे धरायचा, याचे स्वतंत्र सदर तिथे आढळत नाही. अण्णांचा धंदा लोभमूलक आहे म्हणावे तर वर्षाकाठी त्यांच्या पदरी जे पडते ते पाहून लोभालाही लाज वाटेल; मोहमूलक म्हणावे तर माल काय आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाही. अनुमोदन म्हणावे, तर प्रत्येक पुडी बांधताना त्यांची मुद्रा अनुमोदनाची नसते, ही गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे.

बौद्ध आणि जैन परंपरांनी हा प्रश्न उपभोगाच्या बाजूने न पाहता सरळ व्यापाराच्या बाजूने पाहिला, म्हणून त्यांचे म्हणणे अधिक उपयोगी पडते. अंगुत्तरनिकायात उपासकाने न करण्याचे पाच व्यापार सांगितले आहेत : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. जैनांच्या श्रावकाचारात पंधरा कर्मादाने सांगितली आहेत आणि त्यांतही विषवाणिज्य आहे. प्रश्न इतकाच उरतो, की तंबाखू विष आहे काय. प्राचीनांच्या मनातले विष प्याल्यात घालायचे आणि प्रहरात परिणाम दाखवायचे. जे तीस-तीस वर्षे गोड बोलत राहते आणि मग हिशेब मागते, त्याची कल्पना या याद्या करणाऱ्यांना नसावी. युरोपातही ती उशिरा आली. १९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची पाहणी करून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. त्या दिवशी जगातल्या कोणत्याही तंबाखूच्या दुकानात काहीही बदलले नाही. तोच डबा, तीच तागडी, तोच हात. पण कर्म बदलले. काल अजाणता दिलेली वस्तू आज जाणून दिलेली झाली. एखाद्याची कृती तसूभरही न हलता केवळ ज्ञानाच्या आगमनाने तिची जात पालटते, हे कर्मविचारातले एक विलक्षण सत्य आहे. ज्ञानाने कर्म जळते असे आपण नेहमी ऐकतो, येथे ज्ञानाने ते पेटले.

आता एक उत्तर उरते आणि ते प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असते : मी विकले नाही तर दुसरा विकेल. अण्णांच्या दुकानासमोर, दहा पावलांवर, पानाची टपरी आहे, तेव्हा हे विधान वस्तुस्थिती म्हणून निर्विवाद होय. परंतु धर्माच्या दप्तरात ते दाखल होत नाही. ते जगातल्या एकूण हानीविषयी बोलते, आणि कर्माचा सिद्धांत एकूण हानीचा हिशेब ठेवीत नाही. तो नावनिशीवार खाते ठेवतो. दुसरा विकेल तर ते दुसऱ्याच्या नावे पडेल. या युक्तिवादाचा आश्रय, पाहू गेल्यास, लहान दुकानदारापेक्षा राज्यसंस्थेने अधिक केला आहे. इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०४ साली तंबाखूच्या निषेधार्थ स्वतः पुस्तिका लिहिली आणि त्याच वर्षी तिच्यावरची जकात पौंडामागे दोन पेन्सांवरून सहा शिलिंग दहा पेन्सांवर नेली. निषेधाचा परिणाम काय झाला कोणास ठाऊक, पण राज्याला उत्पन्नाची एक नवी बाब मात्र सापडली. पोर्तुगीजांनी गोव्यात तंबाखूचा मक्ता लावून दिला. आपल्याकडे १९४३ च्या कायद्याने तंबाखूवर अबकारी कर बसला आणि शेतापासून वखारीपर्यंत पानापानाच्या मागे कारकून उभा राहिला. आज पाकिटावर भयानक चित्र छापायला लावणारे सरकार आणि त्या पाकिटावर सर्वांत मोठा वाटा घेणारे सरकार एकच आहे. मनूच्या यादीत या भागीदाराला जागा नाही, हा तिचा दोष नव्हे. असा भागीदार संभवेल हे त्या काळी कोणाला सुचले नसावे.

जॉन स्टुअर्ट मिलने 'ऑन लिबर्टी' या १८५९ सालच्या ग्रंथात हा प्रश्न अत्यंत प्रामाणिकपणे हाताळला आहे. विषाची विक्री बंद करू नये, त्यावर धोक्याची सूचना लावावी. मादक पेयांवर कर बसवायला हरकत नाही, कारण कुठून तरी कर घ्यायचाच असतो. मात्र दुसऱ्याच्या दुर्व्यसनाला उत्तेजन देणे हाच ज्याचा धंदा आहे, त्याचे काय करावे, येथे तो अडखळतो आणि हा प्रश्न दोन तत्त्वांच्या सीमारेषेवर आहे असे कबूल करतो. मिलचा पाया असा, की प्रौढ आणि शहाणा माणूस स्वतःचे जे करील ते त्याने खुशाल करावे. या पायावर उभे राहिल्यास सर्वांत निर्दोष विक्री कोणती ठरते? ज्याने अजून तंबाखू चाखलेली नाही, ज्याची इच्छा मोकळी आहे, जो माहिती घेऊन, विचार करून, केवळ कुतूहलाने मागतो आहे, त्याला केलेली. आणि सर्वांत सदोष? ज्याची इच्छा केव्हाच गेली आहे, ज्याला सकाळी उठल्याबरोबर झुरका लागतो आणि म्हणूनच ज्याच्या खरेदीला संमती म्हणणे ही थट्टा आहे, त्याला केलेली. हा निष्कर्ष मिलने काढलेला नाही, पण त्याच्या विधानांतून तो निघतो, असे मला वाटते.

अण्णांचा नियम याच्या नेमका उलट आहे.

हा नियम मला अनेक फेऱ्यांनंतर, आणि तोही विचारल्यावरच कळला. एक तरुण आला, शर्टाच्या खिशात महागडा दूरध्वनी, बोलण्यावरून मोठ्या शहरात शिकणारा. मातीची चिलीम हातात घेऊन त्याने ती न्याहाळली आणि तंबाखू कोणती चांगली असे विचारले. अण्णांनी चिलीम त्याच्या हातातून अलगद काढून गवतात ठेवली आणि नाही म्हणून सांगितले. तंबाखूविक्रीच्या कायद्याने घातलेल्या वयोमर्यादेच्या तो खास वरचा होता, तेव्हा त्या कायद्याचा इथे संबंध नव्हता. तो हसला आणि समोरच्या टपरीवर गेला. मी कारण विचारले, तेव्हा अण्णा म्हणाले, "नवं गिऱ्हाईक मी धरत न्हाई, मास्तर. ज्याला हाय त्याला देतो. न्हाई त्याला लावत न्हाई." नवे कसे ओळखता, असे विचारल्यावर ते म्हणाले की ते सोपे आहे : जुना माणूस चांगली कोणती, असे कधी विचारीत नाही, तो आपली कोणती तेवढी मागतो.

वडिलांच्या पाठीमागे दुकान हाती आले, त्यानंतर काही वर्षांनी त्यांनी माळ घातली. दुकान बंद करावे असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. पण ज्यांना लागते त्या म्हाताऱ्यांनी कुठे जावे, आणि भेसळीची तंबाखू खाऊन लवकर मरावे काय, असे त्यांना वाटले. पंढरीच्या वाटेवर त्यांच्या दिंडीतही विसाव्याला चिलमी पेटतात. ओली छापी चिलमीच्या बुडाला गुंडाळून ती हातोहात फिरते, कोणाचे तोंड मातीला लागत नाही आणि म्हणून कोणाची जात कोणाला विचारावी लागत नाही. शेगावच्या गजानन महाराजांची आणि शिर्डीच्या साईबाबांची चिलीम तर महाराष्ट्रातल्या देवघरांतल्या तसबिरींतही आहे. शेगावची एक कथा सर्वांना ठाऊक आहे : अक्षय्य तृतीयेच्या दिवशी महाराजांच्या चिलमीसाठी विस्तव मागितला असता जानकीराम सोनाराने तो नाकारला, चिलीम विस्तवाविना पेटली, आणि सोनाराच्या घरच्या चिंचवण्यात किडे पडले. नकार देणाऱ्यालाच शासन, असे या कथेचे बाह्य रूप आहे, आणि तंबाखूचे समर्थक तिचा तसा उपयोग करतातही. परंतु सोनाराचा नकार तंबाखूला नव्हता. सणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर देणे अशुभ, एवढाच त्याचा मुद्दा होता. त्याने जपले ते स्वतःचे शुभ. मागणाऱ्याचे काय होईल याचा विचार त्या नकारात कुठेच नव्हता, आणि अण्णांच्या नकारात दुसरा कोणताच विचार नाही, म्हणून या दोन नकारांना एका जातीचे मानणे मला बरोबर वाटत नाही.

अण्णांच्या नियमावर आक्षेप घेता येतो आणि मी तो घेतला. ज्यांची सुटका नाही अशांवरच आपला चरितार्थ चालवायचा आणि मोकळ्या माणसाला तेवढे परत पाठवायचे, ही शुद्धी विचित्र नाही काय? सावकाराने नवे कर्ज देणे थांबवावे आणि जुन्या कुळांकडून व्याज घेत राहावे, तसे हे झाले. अण्णांनी हा आक्षेप शांतपणे ऐकला आणि त्याचे उत्तर दिले नाही. पुडीला दोरा गुंडाळीत राहिले. उत्तर मी माझ्यापुरते शोधले आहे, ते असे. मिल स्वातंत्र्य पाहतो ते खरेदीच्या क्षणी. गिऱ्हाईक मुखत्यार आहे की नाही, एवढेच तो विचारतो. अण्णा पाहतात ते त्या खरेदीत खर्च काय होणार आहे ते, आणि नव्या माणसाच्या बाबतीत खर्च होणारी वस्तू ती मुखत्यारीच असते. जुन्या माणसापाशी ती उरलेली नाही; त्याला नाकारल्याने ती परत येत नाही, फक्त हातपाय थरथरतात. म्हणून त्याला देणे हे पुण्य नव्हे, परंतु त्या देण्यात नवा दोष उत्पन्न होत नाही. श्रावकासाठी जैन आचार्यांनी जी अणुव्रते सांगितली, त्यांचा आधार हाच आहे : गृहस्थाला संपूर्ण निवृत्ती साधत नाही हे आधीच मान्य करून, जेथे रेघ ओढता येईल तेथे ती ओढावी. तुलाधाराने ती वस्तूभोवती ओढली, अण्णांनी माणसाभोवती. कोणत्याही ग्रंथाचा आधार नसलेले हे व्रत, पाळता पाळता दुकानच संपवून टाकील अशा बेताने आखलेले आहे, कारण जुनी गिऱ्हाइके मरतात आणि नवी येऊ दिली जात नाहीत. अण्णांना हे कळत नाही असे नाही. थोरला मुलगा कोल्हापुरात नोकरीला लागला तेव्हा त्यांनी विठोबाला अभिषेक केला होता.

तंबाखूच्या रोपाला शेतकरी फूल येऊ देत नाहीत. शेंडा खुडतात, बगलेतले फुटवे काढतात, म्हणजे सगळा जोर पानांत उतरून ती वजनदार आणि कडक होतात. बियाण्यासाठी चार-दोन झाडे राखली जातात, तेवढीच काय ती फुलतात. हे अण्णांनीच मला एकदा सांगितले, आणि सांगून झाल्यावर, आपणही दुकानाचा शेंडाच खुडला आहे, असे म्हणून हसले. विनोद म्हणून तो चांगला होता. उपपत्ती म्हणून नव्हे, कारण खुडलेल्या रोपाचा कडकपणा वाढतो आणि अण्णांचा वर्षानुवर्षे कमी होत चाललेला आहे.

नियम कितीही विचाराने केलेला असो, त्याची परीक्षा काठावरच्या माणसाने होते. गेल्या पावसाळ्यात मी गेलो तेव्हा अण्णा नेहमीसारखे बोलत नव्हते. त्यांचे एक जुने गिऱ्हाईक, बाजारात हमाली करणारा पन्नाशीचा माणूस, दोन वर्षांपूर्वी तंबाखू सोडून गेला होता आणि त्या सकाळी तो पुन्हा आला होता. याला नवा म्हणायचे की जुना? पतंजलींना विचारले तर तो जुनाच. त्यांच्या मते क्लेश कधी निद्रिस्त असतात, कधी क्षीण, कधी मध्येच तुटलेले, पण तुटलेला क्लेश म्हणजे गेलेला क्लेश नव्हे. मी घरी गेल्यावर मामांना विचारले, तेव्हा गुडगुडीची नळी तोंडातून काढून त्यांनी तत्काळ निकाल दिला, की सुटलेला तो नवा, त्याला देता कामा नये. नव्वदीच्या माणसाचा अनुभव शास्त्रापेक्षा कमी मोलाचा नसतो, पण या बाबतीत मला पतंजलींचेच खरे वाटते : त्या हमालाच्या हाताला तळव्यावर तंबाखू मळण्याची सवय अजून होती, आणि जुन्यांना द्यायचे या नियमाप्रमाणे त्याला पुडी मिळायला हवी होती.

अण्णांनी ती दिली नव्हती. हमाल भांडला, बारा वर्षे तुमच्याकडून नेली, तेव्हा तुमचा धर्म कुठे गेला होता, असे भर पेठेत ओरडला, आणि समोरून पुडी घेऊन गेला. त्याच्या प्रश्नाला उत्तर नव्हते, असे अण्णा मला म्हणाले, आणि नियमाने पाहता तो जुनाच होता, हेही त्यांनी मान्य केले. मग का दिली नाही, असे मी विचारले. अण्णांनी पारडे पालथे घालून झटकले.

"दोन वर्सांमागं त्यानं सोडली, तवा त्याची बायको दुकानात येऊन पेढे ठिवून गेली, मास्तर. आन् त्यातला एक मी खाल्ला."